मागावर न बसणारी आई

बाळांनो, आधी एक काम करा. डाव्या हाताची घट्ट मूठ वळा. उजव्या हाताचा तळवा वाटीसारखा खोलगट करा आणि ती मूठ त्या वाटीत बसवा. आता मूठ फिरवा. पुढे, मागे, बाजूला, गोल. फिरली ना? तुमची मांडी जिथं धडाला जोडलेली असते, तिथं अगदी असाच एक सांधा आहे. मूठ म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, आणि तळवा म्हणजे कमरेच्या हाडातली वाटी. या सांध्याला म्हणतात खुबा. तुम्ही पळता, उड्या मारता, पंगतीत मांडी घालून बसता, तेव्हा तो मुकाट्यानं फिरत असतो. गोळ्यावर आणि वाटीत नारळाच्या मलईसारखा गुळगुळीत थर असतो, म्हणून त्याचा आवाजही येत नाही.

आता डोळे मिटा. कल्पना करा, तुम्ही मोठे झाला आहात आणि तुमच्या मुलांच्या शाळेचे दिवस आहेत. चालकाशिवाय धावणाऱ्या एसट्या स्टँडवर आपोआप वळून उभ्या राहताहेत. घरातला पंखासुद्धा हाक मारली की फिरायला लागतो. आणि तरीही येवल्याच्या एका गल्लीत हातमाग चालू आहे. खटक-खट, खटक-खट. त्या आवाजापाशी थांबा. त्या घरात चैत्राली दिवटे राहते. सहावीतली मुलगी. तिला सगळे चैतू म्हणतात.

चैतूच्या घरातली निम्मी खोली मागानंच व्यापलेली. मागापुढे जमिनीत गुडघाभर खोल खड्डा. विणणाऱ्यानं खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, तळाशी असलेल्या फळ्या पायांनी आळीपाळीनं दाबायच्या आणि हातांनी आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे फेकायचा. असं महिनेन्‌महिने केलं की पैठणी होते. चैतूचे बाबा नितीन दिवटे विणकर म्हणून गावात ओळखले जात. काठ त्यांचे, रंग त्यांचे. पण पदरावरचे मोर चैतूची आई सारिका विणायची. दुपारची भांडी आवरली की ती मागावर बसायची, ती मधला चहा सोडला तर दिवेलागणीलाच उठायची.

आईच्या खुब्याचं दुखणं कळलं संक्रांतीला. येवल्यात संक्रांत म्हणजे पतंगांचा धुडगूस. चैतू गच्चीवरून ओरडत होती, "आई, लवकर ये, आसारी धर! मांजा सुटतोय!" आसारी म्हणजे मांजा गुंडाळायचं बांबूचं चाक. दर वर्षी ती आईच धरायची. त्या दिवशी आई आलीच नाही. चैतूनं खाली वाकून पाहिलं, तर आई मधल्या पायरीवर कठडा घट्ट धरून उभी होती. चेहरा पांढराफटक. चैतूच्या हातून पतंग गेला. तो कुणी लुटला, हेसुद्धा तिनं पाहिलं नाही.

आईच्या डाव्या खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचवणारी बारीक नळी आटली होती. रक्त नाही म्हणजे पोषण नाही. वरून गोल दिसणारी सुपारी आतून किडलेली असावी, तसा तो गोळा झाला होता. उपाय एकच राहिला होता : खुबा बदलणं.

*

नाशिकच्या रुग्णालयात तळमजल्यावर एक लांबलचक दालन होतं. त्यात हातभर उंचीचा चौथरा, चौथऱ्यावर काळी चटई आणि छताला चहूबाजूंनी कॅमेरे. आई त्या चटईवरून लंगडत चालली, वळली, पुन्हा चालली. भिंतीतून एक गोड आवाज तिला एकेक प्रश्न विचारत होता. वजन किती घटलं, जिने किती चढता, झोप लागते का. मग आवाज म्हणाला, "दिवसभरात काय काम करता?"

आईनं बाबांकडे पाहिलं.

"घरीच असते," बाबा म्हणाले.

"हो, घरीच असते," आई म्हणाली.

"घरकाम. हलकी हालचाल. धन्यवाद," आवाज म्हणाला आणि पुढचा प्रश्न विचारू लागला.

चैतूला वाटलं, आता आवाज विचारेल, घरी म्हणजे काय करता? त्यानं विचारलं नाही. आणि आईबाबांचं तरी काय चुकलं? येवल्यात कुठल्याही विणकराच्या बायकोला विचारा, ती हेच सांगेल. माग घरात, म्हणून ती घरीच. विणकर म्हणायचं नवऱ्याला. बायको 'हातभार लावते'.

तेवढ्यात समोरच्या मोठ्या पडद्यावर एक बाई उभी राहिली. राखाडी रंगाची, नाकडोळे नसलेली. अंगातली हाडं काचेतून दिसावीत तशी दिसत होती. ती चालू लागली आणि चैतूच्या अंगावर सर्रकन काटा आला. डावं पाऊल टाकताना आई उजवा खांदा किंचित उचलायची. त्या बाईनंही उचलला.

"घाबरलीस?" शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर समीना तांबोळी चैतूशेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "हिला आम्ही जुळी म्हणतो. तुझ्या आईची हाडं, स्नायू, वजन, चाल, सगळं मोजून संगणकानं ही बनवली. आता हिच्यात एकेक प्रकारचा खुबा बसवायचा आणि वीस वर्षं चालवून बघायचं, कुठला टिकतो ते. आपल्याला वीस वर्षं थांबता येत नाही, म्हणून संगणक ती एका दुपारीत उरकतो."

"म्हणजे ती म्हातारी होणार?"

"थोडी."

"आणि मग मरणार?"

"तिथपर्यंत आम्ही नेत नाही, बेटा," डॉक्टर म्हणाल्या.

मग प्रयोग सुरू झाले. आधी टोपी. गोळा कापायचा नाही, नुसता तासून त्यावर धातूची टोपी चढवायची. जुळी जेमतेम वर्षभर चालली आणि टोपीखालचा किडका गोळा खचला. पडद्याच्या कडा लाल झाल्या. मग अर्धा खुबा. त्यात गोळा नवा, वाटी मात्र आपली जुनीच. "हा फार म्हाताऱ्या माणसांना बरा," डॉक्टर म्हणाल्या. "पडून हाड मोडलं, चालणं बेताचं, वाटी शाबूत, तर अर्ध्यावर भागतं. तुझी आई तरणी आहे. नवा कडक गोळा तिची वाटी घासून काढेल." झालंही तसंच. पुन्हा लाल.

उरला पूर्ण खुबा. गोळा नवा, वाटीही नवी. त्यातही दोन तऱ्हा. एक हाडात सिमेंटनं चिकटवायचा, भिंतीत खुंटी बसवतात तसा. हाड ठिसूळ असेल तर हाच बरा. दुसरा बिनसिमेंटचा. त्याची पाठ मुद्दाम खरखरीत ठेवतात. जिवंत हाड त्या खरखरीत फटींमध्ये वाढतं आणि स्वतःच त्याला धरून ठेवतं. जुळीला बिनसिमेंटचा बसवला, गोळा आणि वाटीचं अस्तर दोन्ही सिरॅमिकचं. सिरॅमिक म्हणजे कपबशीच्याच जातीचं, पण पोलादालाही दाद न देणारं. जुळी चालू लागली. पाच वर्षं, दहा वर्षं. खुर्चीवर बसली, उठली, जिना चढली, बाजारात गेली. खांदा उचलणं केव्हाच बंद झालं होतं. पडद्याच्या कडा हिरव्यागार राहिल्या.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "बघ सारिका, कशी ताठ चालतेय!"

आई मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. तिनं पिशवीतून निळ्या रेशमाची गुंतलेली लड काढली होती आणि बसल्या बसल्या ती सोडवत होती.

"भरतकाम करता वाटतं?" डॉक्टरांनी हसून विचारलं.

"असंच. हाताला चाळा," आई म्हणाली आणि लड पिशवीत टाकली.

डॉक्टरांनी जाता जाता चैतूच्या हातात खुब्याचा एक नमुना ठेवला. प्लास्टिकचं मांडीचं हाड, वर पांढरा गोळा, आणि वाटी. "खेळ. उद्या आईला हाच बसवायचाय."

चैतूनं हाड पुढं नेलं, मागं नेलं. गोळा मजेत फिरत होता. तिनं गुडघ्याकडचं टोक वर उचललं, पोटापर्यंत आणलं, आणि तसंच आत वळवलं. टप्प! गोळा वाटीतून निसटला आणि टेबलाखाली गेला.

"अगं, हेच करायचं नसतं!" डॉक्टरांनी वाकून गोळा उचलला. "गुडघा छातीशी आणून पाय आत वळवला की गोळ्याखालची हाडाची मान वाटीच्या काठावर आपटते आणि गोळा बाहेर. माणसाच्या अंगात असं झालं तर किंकाळी फुटते. सिरॅमिकचा कपचाही उडतो. पण खुर्चीवर बसणारं माणूस कशाला असं करतंय?"

त्या गेल्या. चैतू नमुना हातात घेऊन तशीच उभी राहिली. कोण असं करतं, ते तिला ठाऊक होतं. आई मागावर बसताना आधी जमिनीवर टेकायची. मग डावा गुडघा छातीशी घ्यायची, पाय आत वळवायची आणि मागाच्या खांबाला वळसा घालून खड्ड्यात सोडायची. रोज. जेवण झाल्यावर एकदा, चहानंतर एकदा.

*

वॉर्डात आईच्या शेजारच्या खाटेवर सिन्नरच्या कोकाटे आजी होत्या. मोरीत घसरून त्यांचा खुबा मोडला होता आणि त्यांना अर्धा खुबा बसवला होता. तोंड मात्र पूर्ण शाबूत होतं.

"काय गं पोरी, बघितलीस का आईची सवत?" त्यांनी चैतूला विचारलं. "माझी बी दावली होती मला. मी म्हणलं, बाई, नाक नाही, डोळे नाही, आणि माझ्यापेक्षा झपाझपा चालतीये. तिलाच घरी न्या, मी इथं राहते पडून."

आई हसली. चैतू हसली नाही. आजींचा डोळा लागल्यावर ती आईच्या खाटेवर चढली आणि तिच्या कानाशी लागली. "आई, ती पडद्यावरची बाई मागावर बसत नाही."

लड सोडवणारे आईचे हात थांबले.

"ती खुर्चीवरच बसते. तिनं तुझ्यासारखा पाय आत वळवला तर गोळा बाहेर येईल. मी करून पाहिलंय. डॉक्टरांना सांगूया ना."

"हळू बोल."

"आई, सांगूया!"

"आणि सांगून काय होईल?" आईचा आवाज बारीक झाला. "आपल्या गल्लीतल्या रेखाकाकूचं आठवतं ना? तिनं सांगितलं होतं डॉक्टरांना, मी मागावर बसते म्हणून. ते म्हणाले, आता जमिनीवर बसणं बंद. महिनाभरात तिचा माग सुटा करून अडगळीत टाकला, खड्डा बुजवला, वर फरशी घातली. आता ती त्याच फरशीवर खुर्ची टाकून बसते आणि दिवसभर दाराकडे बघते. मला नाही बघायचं दाराकडे."

"पण गोळा..."

"मी जपून बसेन."

"जपून कसं बसणार? खांब आडवा येतो!"

आईनं चैतूचा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. आईच्या गळ्यातली शीर चैतूच्या बोटांखाली उडत होती. "गळ्याशपथ आहे तुला माझी. कुणाजवळ एक शब्द बोलायचा नाहीस."

"आई, सुटली म्हण."

"नाही."

"आई, सुटली म्हण ना, प्लीज!"

आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तुम्हांला ठाऊकच आहे, शपथ ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटलं तरच सुटते. ती मोडली तर ज्याच्या गळ्याची शपथ, त्याचं वाईट होतं. शाळेत चैतू या गोष्टींना हसायची. पण उद्या सकाळी आईला भूल देणार होते, कापणार होते. आज हसू येणं शक्य नव्हतं. बोललं तर आईचं वाईट होणार आणि गप्प बसलं तरी आईचं वाईट होणार. अकरा-बारा वर्षांच्या पोरीनं जावं तरी कुठं?

ती बाबांकडे गेली.

बाबा व्हरांड्यात बसले होते. नातेवाइकांना बघत बसता यावं म्हणून रुग्णालयानं एक पातळ पाटी दिली होती. तिच्यावर जुळी चालत होती. बाबा तिच्याकडे टक लावून पाहत होते. "ये, बघ! बारावं वर्ष लागलं. तू नोकरीला लागली असशील तेव्हा."

जुळी जेवायला बसली होती. उंच टेबलाशी, खुर्चीवर.

"आपल्याकडे असलं टेबल कुठंय, बाबा?"

"घेऊ तोवर."

"बाबा, आई घरी काय करते?"

"हा काय प्रश्न झाला? घरचं सगळं तीच बघते."

"आणि माग?"

"तो काय घराबाहेर आहे?" बाबा पाटीवरून नजर न काढता म्हणाले. चैतूनं पुढं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बोटांखाली तिला पुन्हा ती उडणारी शीर जाणवली. बाबांचा अंगठा पाटीच्या कडेवरून सारखा फिरत होता. तेही घाबरलेले आहेत, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. हिरव्या कडांच्या बाहेर बघायची त्यांची तयारीच नव्हती.

*

संध्याकाळ व्हायला आली तशी चैतू जिना उतरून खालच्या दालनात गेली. डॉक्टर तांबोळी पडद्यासमोर बसून उद्याची आखणी तपासत होत्या. हाड कापणारा यांत्रिक हात किती खोल जाईल, वाटी किती कलती बसेल, ते सगळं पडद्यावर मांडलेलं.

"काय गं? वर करमत नाही?"

चैतूनं ओठ आवळून धरले होते. ती चौथऱ्यापाशी गेली. हातभर उंच चौथरा आणि खाली जमीन. खड्ड्याच्या काठासारखाच काठ. ती चौथऱ्यावर टेकली. डावा गुडघा छातीशी घेतला. पाय आत वळवला. नसलेल्या खांबाला वळसा घालून तो खाली सोडला. मग उजवा. मग दोन्ही पायांनी ती नसलेल्या फळ्या दाबू लागली. एक खाली, एक वर. हातांनी नसलेला धोटा फेकू लागली, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. पुढं वाकली, मान खाली घातली, बोटांच्या चिमटीनं बारीक बारीक धागे लावू लागली. आई मोर विणताना लावते तसे.

छतावरचे कॅमेरे जागे झाले. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी राखाडी मुलगी उमटली आणि तीही विणू लागली.

"हा कुठला खेळ?" डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी नीट पाहिलं. चैतूच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हात थांबले नव्हते.

"माग?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "तुमच्या घरी माग आहे? बाबांचा?"

चैतू पुन्हा उभी राहिली. तिनं आईसारखा उजवा खांदा उचलला, लंगडत दोन पावलं टाकली आणि पुन्हा काठावर बसली. डावा गुडघा छातीशी.

डॉक्टर खुर्चीतून उठल्या. "या अल्ला," त्या पुटपुटल्या. "ती निळी लड!"

त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. छोट्या राखाडी मुलीची हालचाल उचलून त्यांनी जुळीच्या दिनक्रमात टाकली. जुळीनं नवा खुबा घेतला, बरी झाली, ताठ चालली, मागाशी आली. टेकली. गुडघा छातीशी घेतला, पाय आत वळवला. काही दिवस निभावलं. हाडाची मान वाटीच्या काठावर घासत होती, तिथं लाल ठिपका पेटायचा आणि विझायचा. मग एके दिवशी तो विझलाच नाही. पांढरा गोळा निसटला, अस्तराचा कपचा उडाला आणि जुळी पुढच्या पुढं खड्ड्यात कोसळली. आवाज अजिबात झाला नाही.

किंचाळली ती चैतू.

डॉक्टरांनी तिला जवळ घेतलं. "तू काही बोलली नाहीस," त्या म्हणाल्या. "ऐकतेस ना? एक शब्द बोलली नाहीस." त्यांना शपथेचं कुणी सांगितलं नव्हतं. पण तोंड इतकं घट्ट मिटून कुणी पोर उगाच रडत नाही, एवढं त्या जाणत होत्या.

*

डॉक्टर वॉर्डात आल्या आणि आईच्या खाटेवरच बसल्या. बाबांनाही बोलावून घेतलं.

"सारिकाताई, मागावर बसू नका असं मी सांगितलं, तर ऐकाल?"

आईनं चैतूकडे पाहिलं. ती नजर चैतूला आयुष्यभर पुरली असती. मग आई डॉक्टरांना म्हणाली, "तुमच्यासमोर हो म्हणेन."

"छान. खरं बोललात. आता मीही खरं बोलते. हे यंत्र नव्हतं तेव्हा आम्ही प्रत्येकाला विचारायचो, मांडी घालता का, उकिडवे बसता का, शेतात जाता का. यंत्र आलं, ते विचारू लागलं, आणि आम्ही विचारायचं सोडलं. त्याला 'घरीच असते' म्हणजे खुर्ची वाटली. मला चूक दिसायला हवी होती."

"विणते ती, डॉक्टर," बाबा मध्येच बोलले. मान खाली होती. "पदर सगळा तीच विणते. मी सांगायला हवं होतं. माझे मोर कोंबड्यांसारखे येतात."

"कोंबड्या तरी बऱ्या," शेजारून कोकाटे आजी म्हणाल्या. "अंडी तरी देतात."

कुणी हसलं नाही, पण आईच्या खांद्यांचा ताण जरा सैल झाला.

डॉक्टरांनी खिशातून दुसरा नमुना काढला. यातला छोटा गोळा एका मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात बसवलेला होता, आणि तो मोठा गोळा वाटीत फिरत होता. गोळ्यात गोळा. "याला आम्ही दुहेरी खुबा म्हणतो. आधी आतला गोळा फिरतो. त्याची हद्द संपली की बाहेरचा फिरू लागतो. त्यामुळं पाय जास्त वळतो आणि गोळा सहसा निसटत नाही. यंत्रानं तो आधीच बाजूला टाकला होता, कारण खुर्चीवर बसणाऱ्या बाईला त्याची गरज नाही. तुम्हांला आहे."

"मग तोच बसवा," बाबा म्हणाले.

"थांबा. त्याचं प्लास्टिक सिरॅमिकपेक्षा लवकर झिजतं. वीस वर्षं टिकेल असं मी सांगणार नाही. बारा-पंधरा वर्षांनी पुन्हा उघडावं लागेल, आणि दुसरी खेप पहिलीपेक्षा अवघड असते. शिवाय सुरुवातीचे काही महिने मागाजवळही जायचं नाही. नंतरसुद्धा बैठक वीतभर उंच हवी, आणि तो आडवा खांब हलवायला हवा. पाय बाहेरून सोडायचा, आत वळवून कधीच नाही. पहिला खुबा खुर्चीवर वीस वर्षं. हा मागावर बारा, कदाचित जास्त, कदाचित कमी. ठरवा."

बाबांनी तोंड उघडलं. आईनं हात वर करून त्यांना थांबवलं. तिनं तो दुहेरी गोळा हातात घेतला. बोटानं फिरवून पाहिला. मग म्हणाली, "हाच."

चैतूशी मात्र ती त्या संध्याकाळी एक शब्द बोलली नाही.

"शपथ घातली होती ना तुला? माझे डोळे मिटले होते, कान नाही," कोकाटे आजी खुणेनं चैतूला जवळ बोलावून म्हणाल्या. "सुटते गं. आई आहे ती. तिला जरा रागावू दे, पोरी. भ्यालेलं माणूस आधी रागावतं, बाकीचं मागून."

*

सकाळी आईला हिरवे कपडे घातले आणि चाकांच्या खाटेवर निजवलं. व्हरांड्यातून खाट निघाली. चैतू तिच्या कडेनं चालत होती. आईनं डोळे मिटले होते. चैतूच्या मनात एकच गोष्ट घोळत होती : मी बोलले नाही, पण दाखवलं. दाखवणं म्हणजे बोलणं का? दाखवल्यानं शपथ मोडते का? शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंद झालं आणि आईनं काही म्हटलंच नसलं, तर आत काय होईल?

दार आलं. दोन्ही झडपा आपोआप उघडल्या. आतला थंड वारा अंगावर आला.

"थांबा जरा," आई म्हणाली.

खाट थांबली. आईनं हात बाहेर काढला, चैतूचा हात ओढून घेतला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. शीर कालच्यासारखीच उडत होती. आईही भ्यालेली होती.

"सुटली," आई म्हणाली. "ऐकलंस? सुटली. आता वेड्यासारखी रडत बसू नकोस. लड पिशवीत आहे."

झडपा मिटल्या.

बाबा बाकावर बसले. पाटी त्यांच्या मांडीवर होती. तिच्यात नवी जुळी होती, दुहेरी खुब्याची. ती मागावर बसून विणत होती. सातवं वर्ष, आठवं. कडा हिरव्या होत्या, पण फिकट. बाबा श्वास रोखून पाहत होते. "नववं लागलं," ते म्हणाले. "चैतू, बघ, अजून ठीक आहे. दहावं..."

चैतूनं पाटीकडे पाहिलं. राखाडी बाई मान खाली घालून विणत होती. पुढचं वर्ष बघायला फार वेळ लागणार नव्हता. त्याच्या पुढचंही. कडा कधी लाल होतात ते आत्ताच, या बाकावर बसून, कळलं असतं. आणि आत, दाराच्या पलीकडे, आईला अजून पहिली चीरसुद्धा पडली नव्हती.

तिनं बाबांच्या मांडीवरून पाटी उचलली आणि बाकावर पालथी ठेवली.

"अगं, बघू दे!"

"बाबा, खाली बसा."

"खाली कुठं?"

"जमिनीवर. मांडी घालून. हात पुढं करा दोन्ही."

रुग्णालयाच्या त्या चकचकीत फरशीवर नितीन दिवटे मांडी घालून बसले आणि त्यांनी हात पुढं केले. चैतूनं पिशवीतून निळ्या रेशमाची लड काढली आणि त्यांच्या दोन्ही हातांत अडकवली. मग समोर बसून तिनं लडीचं हरवलेलं टोक शोधलं. ते सापडायला वेळ लागला. सापडल्यावर तिनं ते बोटाला गुंडाळलं, आणि ती लड उलगडू लागली.